ओळखलं म्हणून गोष्ट बदलू नका : सायफाय मालिकांच्या लेखकांना फोंड्याहून खुलं पत्र

प्रति,
सायफाय मालिका लिहिणारी समस्त लेखकमंडळी,
लॉस एंजेलिस, बर्लिन आणि जिथे कुठे बसून लिहीत असाल तिथे.

स. न. वि. वि.

हे पत्र मराठीत आहे आणि तुमच्यातल्या कोणालाच ते वाचता येणार नाही हे माहीत असूनही लिहितेय, कारण खुलं पत्र ज्याच्या नावाने लिहितात तो सोडून बाकी सगळे वाचतात, आमच्याकडे रस्त्यातल्या खड्ड्यांवर मंत्र्यांना लिहिलेली पत्रं पण अशीच गावभर फिरतात. तर जे वाचतायत त्यांना आधीच सांगते, खाली वेस्टवर्ल्ड, डार्क, सेव्हरन्स, लॉस्ट, वांडाव्हिजन सगळ्यांची गुपितं फोडलेली आहेत, बघायच्या असतील तर इथूनच मागे फिरा, नंतर माझ्या नावाने बोटं मोडायची नाहीत.

मुद्दा एवढाच की आम्ही ट्विस्ट ओळखला म्हणून तुम्ही गोष्ट बदलू नका. लपवायला म्हणून आणखी चार गाठी मारू नका, मुलाखतीत थापा मारू नका आणि आमच्यावर रुसू पण नका. ज्या मालिकेचा कंटाळा येतो तिच्यावर रात्री एक वाजेपर्यंत कोण डोकं फोडत बसेल सांगा बघू?

वेस्टवर्ल्डपासून सुरू करते. एचबीओवर ऑक्टोबर २०१६ मध्ये आली, हुबेहूब माणसांसारखे रोबो असलेलं एक पार्क, श्रीमंत लोक पैसे मोजून तिथे जाणार आणि मनाला येईल ते करणार. दुसऱ्या एपिसोडात विल्यम नावाचा साधा सरळ मुलगा होणाऱ्या मेव्हण्याबरोबर तिथे येतो, काळी टोपी की पांढरी असा प्रश्न येतो तेव्हा पांढरी उचलतो. दुसरीकडे एड हॅरिसचा काळ्या कपड्यातला म्हातारा, तीस वर्षं तिथे येतोय आणि दयामाया नावाची गोष्ट त्याच्यात उरलेली नाही. दोघं आपापल्या वाटेने फिरतायत असं तुम्ही दाखवत राहिलात आणि लोकांनी काय पकडलं तर पार्कचा लोगो! विल्यम उतरतो तिथला लोगो जुन्या वळणाचा, ऑफिसातल्या सीनमधला वेगळा, म्हणजे हे दोन वेगळे काळ आहेत, म्हणजे हा पांढऱ्या टोपीवाला पोरगाच पुढे तो काळ्या टोपीवाला म्हातारा होणार. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीने दोन्ही लोगो फोनवर शेजारी शेजारी लावून मला दाखवले तेव्हा आमची पणजीची बस बाणस्तारीच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलेली, आणि मी एवढ्या मोठ्याने 'ना गो!' म्हटलं की कंडक्टर वळून बघायला लागला.

४ डिसेंबरला शेवटचा एपिसोड आला आणि ते खरं निघालं. आता तुम्हाला वाटत असणार की ज्यांना आधीच कळलेलं त्यांचा सगळा मूड गेला. कसला मूड गेला! मधले सगळे आठवडे विल्यम डोलोरेसशी, म्हणजे पार्कातल्या रोबो मुलीशी, गोड बोलायला लागला की आमच्या पोटात गोळा यायचा, कारण तोच म्हातारा तिला फरफटत गोठ्यात नेताना पहिल्याच एपिसोडात बघून ठेवलेला. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी तो प्रेमाचा सीन आणि आमच्यासाठी तोच सीन भयाण, एका तिकिटात दोन खेळ. आणि विल्यमचं काम करणाऱ्या जिमी सिम्पसनला तरी तुम्ही कुठे आधी सांगितलेलं, मेकअपवाले आपल्या भुवयांच्या मागे का लागलेत यावरून त्याने ताडलं असं त्यानेच मुलाखतीत सांगितलंय. म्हणजे तुमचा नट पण आमच्याच जातीचा.

पण पुढे काय झालं बघा. २०१७ मध्ये वेस्टवर्ल्ड बनवणारे जोनाथन नोलनसाहेब एका कार्यक्रमात म्हणाले की दुसऱ्या सीझनमधल्या तिसऱ्या एपिसोडचा ट्विस्ट रेडिटवाल्यांनी, म्हणजे इंटरनेटवरच्या गप्पांच्या अड्ड्यावरच्या लोकांनी, आधीच ओळखलाय, तो आता बदलतोय. थट्टेत म्हणाले असतील पण माझ्या डोक्यातून ते काही जाईना. मग एप्रिल २०१८ मध्ये त्यांनीच जाहीर केलं की हजार लोकांनी हो म्हटलं तर सबंध दुसऱ्या सीझनची गोष्ट आधीच सांगून टाकतो, लोकांनी हो म्हटलं, आणि आला तो पंचवीस मिनिटांचा व्हिडिओ, ज्यात थोडा वेळ खरं वाटायला लावून डोलोरेस एक जुनं गाणं म्हणायला लागते आणि उरलेला सगळा वेळ पियानोपाशी बसलेला कुत्रा. ही चेष्टा झकास होती, मी तर पोट धरून हसले. पण मग खरोखरचा दुसरा सीझन आला त्यात बर्नार्ड नावाच्या रोबोच्या आठवणी अशा उलटसुलट करून वाढल्या होत्या की आज कुठलं आणि पंधरा दिवसांपूर्वीचं कुठलं हे लावता लावताच जीव गेला. ओळखता येऊ नये म्हणून केलं की आधीपासूनच तसं ठरलेलं ते तुमचं तुम्हाला माहीत, बघणाऱ्याला मात्र आपल्यापासून काहीतरी लपवतायत एवढंच जाणवत राहिलं. गोष्टीत काय होणार हा प्रश्न बाजूला पडला आणि ही कुठली तारीख चाललीय हा प्रश्न उरला.

आता आमच्या आईचं सांगते. तिला सायफाय वगैरे काही माहीत नाही, पण तिच्यासमोर कोणीही माणूस येऊ द्या, 'कोणाचो रे तूं, खंयचो' इथपासून सुरू करून दहा मिनिटांत ती त्याचं आपल्याशी नातं काढणार, लग्नात तर तिच्याशेजारी बसायला लोक घाबरतात. लॉकडाऊनमध्ये मी डार्क लावलं, ती शेजारी भाजी निवडत बसायची. जर्मनीतलं एक छोटं गाव, दर तेहेतीस वर्षांनी काहीतरी घडतं, चार घराणी, आणि मिकेल नावाचा अकरा वर्षांचा पोर गुहेजवळून नाहीसा होतो. लवकरच कळतं की तो १९८६ मध्ये जाऊन पडलाय. आईने वालपापडीच्या शिरा काढता काढता विचारलं, "तो तिथेच राहिला तर आता त्याचं वय काय असेल?" मी म्हटलं चव्वेचाळीस वगैरे. "आणि सुरुवातीला त्या माणसाने फास लावून घेतला, त्याचं वय काय?" मी रिमोट हातात घेऊन नुसती बसले. तो माणूस, गोष्टीचा नायक योनास याचा बाप, मरताना एक पाकीट ठेवून गेला होता, ४ नोव्हेंबरला रात्री दहा वाजून तेरा मिनिटांच्या आधी उघडू नका असं लिहिलेलं, आणि मी एवढा वेळ ते पाकीट, ती गुहा, ती घड्याळं यांचा विचार करत बसलेले, तिने नुसती वयं जुळवली. पाचव्या एपिसोडात उघड झालं की मिकेलच योनासचा बाप. म्हणजे योनास जिच्या प्रेमात आहे ती मार्था, मिकेलची बहीण, त्याची सख्खी आत्या! आई जरा वेळ गप्पच झाली, मग म्हणाली, "बंद कर ते, काय घाणेरडं दाखवतात." दुसऱ्या दिवशी जेवण झाल्याबरोबर तिनेच विचारलं, आज लावणार ना?

डार्कवाल्यांना, म्हणजे बारान बो ओडार आणि यान्त्ये फ्रीझ या दोघांना माझा साष्टांग नमस्कार आहे. तीन सीझन, सव्वीस एपिसोड, आणि संपवली. गोष्टीत जगबुडीचा दिवस २७ जून २०२०, तर शेवटचा सीझनसुद्धा बरोब्बर त्याच तारखेला आणला. तिथे ओळखायला सगळं समोर ठेवलेलं होतं, वयं, तारखा, फोटो, आणि तरीही गावातल्या पोलीस शार्लटची आई तिचीच मुलगी निघते तिथे आमच्या आईने हात टेकले, म्हणाली हे आमच्या कुठल्याच सोयऱ्यांत बसत नाही.

सेव्हरन्समध्ये पण आईनेच बाजी मारली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, एका कंपनीत लोकांच्या डोक्यात अशी चिप घालतात की ऑफिसच्या लिफ्टमधून खाली गेलं की बाहेरचा माणूस बंद आणि आतला चालू, दोघांना एकमेकांचं काही ठाऊक नाही. पहिल्या सीझनच्या शेवटी आतले लोक थोडा वेळ बाहेरच्या जगात जागे होतात आणि त्यांच्यातल्या हेलीला कळतं की बाहेर आपण हेलेना, मालकाचीच मुलगी. दुसरा सीझन जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाला तेव्हा सगळे परत खाली भेटतात, बाहेर काय बघितलं ते एकमेकांना सांगतात, आणि हेली सांगते की मी एका साध्याशा फ्लॅटमध्ये होते, बाहेर पळाले तर रात्रीचा माळी दिसला. रात्रीचा माळी! तिच्याबरोबर काम करणाऱ्या इर्व्हिंगच्या कपाळावर आठी आली ती आलीच, पण आमच्याकडे आई ताडकन म्हणाली, "तिन्हीसांजेनंतर झाडाला कोण हात लावतं? खोटं बोलतेय ही." झालं. हेली म्हणून हेलेनाच खाली आलीय हा अंदाज तोपर्यंत जगभर सुरू झाला होता आणि लोक तिच्या चालण्याबोलण्यावरून पुरावे काढत बसलेले, आमच्या घरात मात्र एका वाक्यात निकाल लागला.

चौथा एपिसोड आला ७ फेब्रुवारीला. मधल्या आठवड्यांत तुम्ही काही बदललं नाही, काही लपवायला धावला नाहीत, उलट आमच्या डोळ्यांसमोर गोष्टीचा नायक मार्क तिच्यात गुंतत गेला आणि आम्ही नुसते हात चोळत बसलो, अरे बाबा ती ती नव्हे! मग बर्फातली ती सहल, इर्व्हिंग तिचं डोकं धबधब्याच्या पाण्यात दाबून धरतो, खरी हेली परत आण म्हणून ओरडतो, आणि शेवटी त्यांचा साहेब मिल्चिक याला वॉकीटॉकीवर तिला परत आणा म्हणून सांगावं लागतं. आम्हाला उत्तर माहीत होतं. तरी माझा चहा तसाच गार झाला. शुक्रवारी सकाळी ऑफिसला निघायच्या आधी बघायचो आम्ही, त्या दिवशी नेहमीची बस चुकली ती चुकलीच.

माझं आजोळ पेडण्याचं. तिकडे जत्रेला रात्री दशावतार असतो, त्यांच्याकडे लिहिलेलं नाटक नसतं, मंडळी रंगायच्या आधी आजचं आख्यान कुठलं ते ठरवतात आणि बाकी सगळं तिथल्या तिथे उभं राहून बोलतात. राक्षस मरणार हे पुढे चटई टाकून बसलेल्या पोरांना पण ठाऊक असतं, हा जो साधू म्हणून आलाय तो साधू नाही हे तर पायपेटीवाला सूर धरायच्या आधीच अख्ख्या मांडाला कळलेलं असतं. तरी माणसं पहाटेपर्यंत उठत नाहीत, कारण तो कसा पकडला जाणार, पकडताना काय बोलणार ते बघायचं असतं. 'लोकांनी ओळखलं, चला आता राक्षसाला जिवंत ठेवू' असं म्हणणारा दशावतारी मी तरी बघितलेला नाही.

गोष्टी बदलून बदलून वाट लावायचा उद्योग काय असतो ते आम्हाला शिकवू नका, आमच्याकडे रोज संध्याकाळी सात ते दहा तेच चालतं. टीआरपी पडला की गाडी दरीत, टीआरपी वाढला की तोच माणूस नवा चेहरा घेऊन परत, मेलेली सासू जिवंत, वर तिची जुळी बहीण. त्यातून पळून आम्ही तुमच्याकडे आलो होतो, की इथे तरी कोणीतरी आधी विचार करून ठेवलाय.

तो ठेवलेला असतोच असं नाही, हे पण आता कळलंय म्हणा. बॅटलस्टार गॅलॅक्टिकाच्या सुरुवातीला दर वेळी पडद्यावर लिहून यायचं की सायलॉन लोकांकडे, म्हणजे माणसांशी लढणाऱ्या रोबोंकडे, एक प्लॅन आहे. ती मालिका बनवणाऱ्या रोनाल्ड मूरसाहेबांनी नंतर मान्य केलं की प्लॅन वगैरे काही नव्हता, आणि माणसांत लपलेले ते शेवटचे पाच सायलॉन कोण हेही मधेच कधीतरी ठरलं. आता मला सांगा, आम्ही सगळे चेहरे परत परत बघतोय, जुन्या सीझनमध्ये पुरावे शोधतोय, आणि पुरावा ठेवणाऱ्यालाच चोर माहीत नाही! मालिका मला आवडते, अजूनही आवडते, पण त्या ओळीचा राग अजून गेलेला नाही.

लॉस्टची तऱ्हा वेगळी. २००४ मध्ये मालिका सुरू झाली, एका बेटावर विमान पडलं आणि पहिल्याच सीझनमध्ये लोक म्हणायला लागले की हे सगळे मेलेलेच आहेत, बेट म्हणजे मधलं काहीतरी, ना स्वर्ग ना नरक. तुम्ही नाही नाही म्हणत राहिलात. मे २०१० मध्ये शेवट आला, त्यात बेट खरं, तिथे घडलेलं खरं, पण शेवटच्या सीझनमध्ये जी दुसरी बाजू दाखवत होतात ती मात्र मेल्यानंतरची जागा निघाली. बरं, त्यावर वाहिनीने शेवटी नावं सरकताना विमानाच्या अवशेषांची रिकामी दृश्यं टाकली आणि अर्धं जग म्हणालं, बघा, आम्ही म्हणत होतो, सगळे पहिल्यापासून मेलेले! इतक्या वर्षांनी अजून हा वाद मिटत नाही, माझा मावसभाऊ चतुर्थीला घरी येतो तेव्हा माटोळी बांधता बांधता हाच विषय काढतो. एक मात्र बरं केलंत, २००७ मध्येच सांगून टाकलंत की आता अमुक इतके एपिसोड आणि मग संपलं. शेवट कधी ते कळलं की गोष्टीला जरा शिस्त येते.

तुमची पण बाजू असते, ती मी समजू शकते. बॅबिलॉन ५ ही मालिका लिहिणारे स्ट्रॅझिन्स्की १९९० च्या दशकात इंटरनेटवर स्वतः येऊन प्रेक्षकांशी बोलायचे, तेव्हा असं कोण करायचं, आणि हात जोडून सांगायचे की बाबांनो माझ्यासमोर कथेच्या कल्पना टाकू नका. एकाने टाकलीच, आणि ती नेमकी त्यांच्या ठरलेल्या एपिसोडशी जुळली, तर तो एपिसोड बाजूला ठेवावा लागला, त्या माणसाकडून कायदेशीर लेखी घेतलं तेव्हा कुठे नोव्हेंबर १९९५ मध्ये तो दाखवता आला. ही भीती खरी आहे, उद्या कोणीतरी कोर्टात जाऊन म्हणेल माझी गोष्ट चोरली. पण त्यांनी काय केलं ते बघा, एपिसोड थांबवला, बदलून टाकला नाही. आणि पाच वर्षांची गोष्ट डोक्यात असताना पहिल्या सीझननंतर मुख्य नटच मालिका सोडून गेला तरी गाडी रुळावरून उतरली नाही, कारण प्रत्येक पात्रासाठी बाहेर पडायची वाट आधीच काढून ठेवलेली. तर माझ्यापुरतं मी इथे लेखी देते की माझा कुठलाही अंदाज तुमच्या गोष्टीशी जुळला तर माझा त्यावर काडीचा हक्क नाही, हवं तर स्टॅम्प पेपरवर करून नोटरीचा शिक्का मारून देईन. आईचं तिला विचारावं लागेल.

आणि आमच्यातले पण काही लोक डोक्यावर पडलेले आहेत हे मान्य. वांडाव्हिजन २०२१ मध्ये आली तेव्हा दर आठवड्याला कुठल्या तरी कोपऱ्यात लोकांना मेफिस्टो, म्हणजे मार्व्हलच्या कॉमिक्समधला सैतान, दिसायचा, पडद्याच्या नक्षीत मेफिस्टो, माशीत मेफिस्टो, आणि तो शेवटपर्यंत आलाच नाही. त्यात मालिकेचा नायक पॉल बेटनीने सांगून ठेवलं की ज्याच्याबरोबर काम करायची फार वर्षांची इच्छा होती असा एक नट येतोय, लोकांनी अल पचिनोपर्यंत नावं काढली, आणि तो नट म्हणजे स्वतः बेटनीच, आपल्याच पात्राचं पांढरं रूप घेऊन. हसावं की रडावं! पण यात तुमचं काय बिघडलं? लोक चिडले ते आपल्याच मनातल्या मालिकेवर, तुमच्या नव्हे. शेवट मेफिस्टो आणून केला असता तर तो एका चांगल्या बाईच्या दुःखाची गोष्ट सोडून भलतीकडेच गेला असता.

आता मागण्या. एपिसोड आठवड्याला एकच द्या, सगळे एकदम ओतू नका, ओळखायला मधले सहा दिवस लागतात, एका रात्रीत संपलं तर बसमध्ये आम्ही काय बोलणार, पाऊस? मुलाखतीत सरळ 'सांगणार नाही' म्हणा, चालतं आम्हाला, पण 'असं काही नाहीच आहे' म्हणून मग तेच दाखवू नका. पुरावा ठेवायचा तर तो नुसता भिंतीवर ठेवू नका, माणसाच्या बोलण्यात ठेवा, भिंतीवरचा पुरावा फोन थांबवून झूम करणाऱ्यालाच मिळतो आणि माणसातला आमच्या आईला पण मिळतो. आणि लोकांनी ओळखलंय असं कानावर आलं तर एक दिवस सुट्टी घ्या, चहा प्या, आणि ठरलेलं तेच शूट करा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
फोंड्याची एक प्रेक्षक

ता. क. सेव्हरन्सचा तिसरा सीझन लिहिताय म्हणून सांगते. दुसऱ्याच्या शेवटी मार्क जेम्माला, म्हणजे बाहेरच्या मार्कच्या बायकोला, दाराबाहेर काढतो आणि स्वतः मागे वळून हेलीचा हात धरून पळतो, तिथे आई म्हणते ती पळणारी परत हेलेनाच आहे, बघण्यात मालकीणपणा दिसतो. मला अजिबात पटत नाही, ती हेलीच आहे. यावरून आमच्याकडे दोन वेळा जेवण थंड झालंय. तुम्ही काय ठरवलंय ते सांगू नका, पण जे ठरवलंय ते आईला घाबरून बदलू पण नका.